घाटवाटेचा धर्म

(नभोवाणीवरील भाषण)



आसनगांव स्टेशनावर उतरून शहापूर मागें टाकलें, कीं एक सडक पूर्वेकडे डोळखांबला जाते. सुट्टीच्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें मुंबई-ठाण्याहून निघालेली तरुण मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून या सडकेनें जातांना हल्लीं नेहमीं दिसते. डोळखांबच्या पुढें भाताचीं खाचरें लागतात, मग सागाचें रान लागतें, आणि त्यापलीकडे सह्याद्रीची काळी भिंत उभी असते. कोणाला आजोबाच्या डोंगरावर जावयाचें असतें. कोणी वर साम्रदला जाऊन सांदण दरींतून दोराच्या आधारानें खालीं डेहण्याकडे उतरतो. कोणी दक्षिणेस मुरबाडच्या बाजूनें नाणेघाट चढतो. शहरांतील बंद खोल्यांत वाढलेल्या मुलांना डोंगराची ओढ लागावी, ही गोष्ट मला फार चांगली वाटते. तेव्हां आज मी जें बोलणार आहें, तें या मंडळींस नाउमेद करण्यासाठीं नाहीं. ज्या वाटेनें तीं जातात, त्या वाटेची थोडी पूर्वपीठिका त्यांच्या आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर घालावी, एवढाच हेतु आहे. डोंगर निसर्गानें केला. वाट मात्र माणसांनीं केली, आणि ती करतांना कांहीं रीतहि घालून दिली.

नकाशांत सह्याद्रीची भिंत सलग दिसते. प्रत्यक्षांत तींत असंख्य फटी आहेत. ओढ्यानें कोरलेली एखादी नाळ, कड्याच्या खांद्यावरून गेलेली एखादी अरुंद पट्टी, दोन शिखरांमधली एखादी खिंड. जेथें जेथें पाऊल ठरलें, तेथें तेथें वाट झाली. चोंढ्याचा घाट घाटघरच्या पठारावर चढतो, करोली घाट साम्रदकडे निघतो, पाथरा घाट कुमशेतकडे जातो. खालीं ठाणें जिल्हा आणि वर अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यांतील अकोलें तालुका. या दोहोंना जोडणाऱ्या या दगडी शिड्याच आहेत. दक्षिणेकडील नाणेघाट कोंकण आणि जुन्नर यांना जोडतो. या सर्वांत तोच सर्वांत प्रसिद्ध, आणि आपल्या दृष्टीनें सर्वांत बोलकाहि तोच.

नाणेघाटाच्या माथ्याशीं एक कोरीव लेणें आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतला एक मोठा लेख आहे. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२८ च्या सुमारास तो पाहिला, आणि पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्याचा कसून अभ्यास केला. सातवाहन राणी नागनिका हिचा हा लेख इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकांतला असावा, असें बहुतेक विद्वान मानतात. अश्वमेधादि यज्ञ केल्याचा आणि गाई, घोडे, हत्ती व नाणीं दान दिल्याचा त्यांत उल्लेख आहे. त्याच लेण्यांत राजघराण्यांतील व्यक्तींच्या मूर्तीहि कोरल्या होत्या. मूर्तींवरचीं नांवें अजून वाचतां येतात, परंतु मूर्ति नाहींशा झाल्या. पावलांच्या कांहीं खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

या राजवैभवापुढें सहज नजरेआड होईल असा एक लहानसा लेख तेथेंच पाण्याच्या एका टांक्यावर आहे. सोपाऱ्याच्या गोविंददासानें हें टांकें दान केलें, एवढीच त्याची हकीकत. टांक्याला त्या काळच्या प्राकृतांत ‘पोढी’ म्हणत. सोपारें म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यांतील नालासोपारा. त्या काळीं तें पश्चिम समुद्रावरचें नामांकित बंदर होतें. तेथला हा गृहस्थ व्यापारी होता कीं यात्रेकरू होता, हें लेख सांगत नाहीं. पण घाटाच्या माथ्यावर चढून आलेल्या माणसाची तहान त्याला ठाऊक होती, हें निश्चित. ज्यांचीं नांवें त्याला कधींहि कळणार नव्हतीं, आणि ज्यांना त्याचें तोंडहि दिसणार नव्हतें, अशा लोकांसाठीं त्यानें खडक फोडवून पाणी सांठविलें. राणीच्या लेखाचें महत्त्व इतिहासकार सांगतीलच. वाटेच्या इतिहासांत मला गोविंददासाचा लेख अधिक मोलाचा वाटतो. कारण आपल्यामागून येणाऱ्याची काळजी वाहणें, हा घाटवाटेचा पहिला धर्म त्या दोन शब्दांच्या दानपत्रांत आला आहे.

या वाटांवरून काय काय गेलें असेल! सोपारें आणि कल्याण या बंदरांत उतरलेला माल जुन्नर, पैठण, तेर अशा शहरांकडे जाई. पहिल्या शतकांतील एका ग्रीक नाविकानें लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रंथांत कल्याणचें नांव आहे. नाणेघाटाच्या खिंडींत एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीचीं नाणीं त्यांत टाकीत, अशी लोकांची समजूत आहे. पुढें राज्यें बदललीं, बंदरें बुजलीं, तरी बैलांचे तांडे चालूच राहिले. कोंकणांतून मीठ, सुकी मासळी आणि नारळ वर जात; देशावरून धान्य, गूळ आणि मिरची खालीं येई. लमाण आणि वंजारी यांच्या बैलांच्या गळ्यांतील घंटा एका वळणावरून दुसऱ्या वळणावर ऐकूं येत.

आतां दोन हात रुंदीच्या वाटेवर वरून उतरणारा तांडा आणि खालून चढणारा तांडा समोरासमोर आले, तर काय होईल, याचा विचार करा. एका बाजूस कडा, दुसऱ्या बाजूस दरी. तेथें भांडत बसणाऱ्याचा माल दरींत जावयाचा! म्हणून रीत पडली ती गरजेंतून पडली. रिकाम्यानें ओझेंवाल्यास वाट द्यावी. उतरणाऱ्यानें चढणाऱ्यासाठीं थांबावें, कारण चढणाऱ्याचा दम मोडला कीं तो पुन्हां सांपडत नाहीं. जनावर येत असेल तर डोंगराच्या अंगाला उभें राहावें, दरीच्या अंगाला नव्हे, कारण भारलेल्या बैलाचा नुसता धक्काहि माणसाला खालीं लोटण्यास पुरेसा असतो. हे नियम कोणत्या ताम्रपटांत लिहिलेले नाहींत. ते लोकांच्या पायांत होते.

वाट राखणारेहि होते. अकोलें-जुन्नरच्या डोंगरांतील महादेव कोळी हे या खिंडींचे आणि किल्ल्यांचे जुने राखणदार. किल्ल्यांवरील नाईकवाडीचें काम त्यांच्याकडे असे. १८१८ सालीं पेशवाई बुडाली आणि इंग्रजांना हे किल्ले व ह्या वाटा संशयास्पद वाटूं लागल्या. अनेक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडविण्यांत आल्या, आणि राखणदारांचे जुने हक्क गेले. त्यांतून बंडाळी उठली. कॅप्टन मॅकिंटॉश या अधिकाऱ्यानें त्या काळांत महादेव कोळ्यांविषयीं सविस्तर लिहून ठेवलें आहे. अकोल्याच्या देवगांवचा राघोजी भांगरे या वाटांच्या भरंवशावर सरकारी फौजेस वर्षानुवर्षें हुलकावणी देत राहिला. अखेर १८४८ सालीं त्याला ठाण्याच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. ज्याला वाट ठाऊक त्यालाच ती राखतां येते, हें त्या काळच्या सरकारला उमजलें होतें. म्हणूनच त्याला वाटांची भीति वाटे.

फौजेला जें साधलें नाहीं, तें आगगाडीनें साधलें. १८५३ सालीं मुंबईहून ठाण्यास गाडी आली, आणि १८६५ च्या आरंभीं थळ घाट चढून ती इगतपुरीस पोंचली. एका गाडीच्या डब्यांत जेवढें मीठ मावे, तेवढें वाहण्यास पूर्वीं बैलांचा अख्खा तांडा लागे. घाटवाटांवरचा व्यापार झपाट्यानें ओसरला. जकात बसली, घंटांचा आवाज बंद झाला. परंतु वाटा मेल्या नाहींत. खालच्या गांवांतील मुलगी वरच्या गांवांत दिलेली असे. ती सणाला माहेरीं याच वाटेनें येई. बाजाराला, यात्रेला, आजाऱ्याला झोळींत घालून दवाखान्यांत नेण्याला, चुकलेलें जनावर शोधण्याला हीच वाट. महादेव कोळी, ठाकूर, कातकरी यांच्या वस्त्यांना ती आजहि उपयोगी पडते. म्हणजे व्यापाऱ्यानें सोडलेली वाट गरिबानें पायांखालीं घालून जिवंत ठेवली. ती आज आपल्याला चालावयास मिळते, याचें श्रेय त्याचें आहे.

येथें दूरच्या एका देशाची गोष्ट आठवते. इंग्लंडांत डोंगराळ माळरानें जमीनदारांनीं शिकारीसाठीं अडवून ठेवलीं होतीं. १९३२ च्या एप्रिलमध्यें मँचेस्टरकडील शेंकडों कामगार तरुण किंडर स्काउट नांवाच्या पठारावर बंदी मोडून चढले. त्यांतील कांहींना तुरुंगवास घडला. पण लोकमत जागें झालें, आणि १९४९ मध्यें राष्ट्रीय उद्यानांचा व मोकळ्या रानांत फिरण्याच्या सोयीचा कायदा झाला. हक्क मिळाल्यावर लवकरच तेथें रानांत कसें वागावें याची एक लहानशी आचारसंहिताहि प्रसिद्ध झाली: फाटक लावून घ्या, पीक तुडवूं नका, विस्तव जपा. हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. तेथें चालण्याचा हक्क भांडून मिळवावा लागला, म्हणून त्याच्याबरोबर येणारें कर्तव्यहि लोकांना लगेच आठवलें. आपल्याकडे वाट कोणीच अडविली नव्हती. आदिवासी शेतकऱ्याच्या खाचराच्या बांधावरून, त्याच्या अंगणाच्या कडेनें आपण जातों आणि तो आपल्याला ‘कुठले पाव्हणे?’ म्हणून विचारतो. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत माणसाला लवकर कळत नाहीं.

ती मला कशी कळली, तें सांगतों. कांहीं वर्षांपूर्वीं एप्रिलच्या अखेरीस आम्ही आठ-दहा जण याच भागांत उतरत होतों. दुपार झाली होती. एका वस्तीजवळ खडकाच्या बुडाशीं पाण्याचा झिरा दिसला. आम्हांला केवढा आनंद झाला! आम्हीं पाणी प्यालों, तोंडें धुतलीं, एकानें तर डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलें. मागें वळून पाहतों, तों दहा-बारा वर्षांची एक मुलगी हंडा घेऊन उभी. ती कांहीं बोलली नाहीं. आम्ही बाजूस झाल्यावर ती वाकली, गढुळलेल्या पाण्याकडे तिनें पाहिलें, आणि हंडा बाजूस ठेवून पाणी निवळण्याची व पुन्हां सांठण्याची वाट पाहत ती दगडावर बसली. वाटीवाटीनें भरावयाचा तो झिरा होता. आमच्या पांच मिनिटांच्या सुखासाठीं तिची संपूर्ण दुपार गेली. तिनें आम्हांला एक शब्दहि बोल लावला नाहीं, म्हणून ती आठवण अधिकच बोंचते.

याला आणखीहि एक बाजू आहे. १८९२ पासून मुंबईला पाणी देणारा तानसा तलाव याच शहापूर तालुक्यांत आहे, आणि आज मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वांटा ज्या भातसा धरणांतून येतो, तेंहि येथलेंच. आणि याच तालुक्यांतील कित्येक गांवें व पाडे दर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत असतात. सकाळीं घरीं नळाखालीं स्नान करून निघालेला मुंबईकर दुपारीं त्याच मुलुखांतील झिऱ्यावर पुन्हां तोंड धुतो, तेव्हां तो एकाच विहिरीचें पाणी दोनदां घेत असतो. गोविंददासानें परक्यांसाठीं टांकें खोदविलें. निदान दुसऱ्याचें टांकें तरी आपण गढूळ करूं नये! उन्हाळ्यांत आपलें पाणी आपण पाठीवर वाहून न्यावें. झिऱ्यांत हात किंवा भांडें बुचकळूं नये. आणि साबणाचा फेंस त्याच्या आसपासहि नेऊं नये.

बाकीचे नियम याच धर्माच्या शाखा आहेत. मोळी किंवा हंडा घेऊन येणारी बाई दिसली, कीं तांड्याच्या काळची रीत आठवावी आणि बाजूस व्हावें. खाचराचे बांध मातीचे असतात. पावसाळ्यांत त्यांवरून पन्नास माणसें एकामागून एक गेलीं, कीं बांध खचतो आणि भाताचें पाणी वाहून जातें. तेथें गांवकरी दाखवितील त्याच कडेनें जावें. कुंपणाचें कवाड जसें असेल तसें पुन्हां लावून पुढें व्हावें. नाळेंतून चढतांना पायाखालचा दगड सुटला, तर लाज न बाळगतां मोठ्यानें ‘दगड!’ म्हणून ओरडावें, आणि खालच्यांनीं वर न बघतां कड्याला चिकटावें. नाळेंत एक तुकडी असतांना दुसरीनें तिच्या डोक्यावर चढूं नये.

कड्यांवर आग्या माश्यांचीं पोळीं असतात. धूर, अत्तराचा उग्र वास आणि आरडाओरडा यांनीं त्या खवळतात, आणि मग त्यांच्या तावडींतून धट्टाकट्टा माणूसहि सुटणें कठीण. मे-जूनमध्यें भंडारदऱ्याच्या रानांत काजवे पाहण्यास हजारों लोक लोटतात. काजव्याचा प्रकाश हें त्याचें जोडीदाराला बोलावणें आहे. आपल्या विजेऱ्यांच्या झोतांत तें बोलावणें बुडून जातें. ज्या दृश्यासाठीं आपण गेलों, तें आपल्याच हातानें विझवूं नये.

आणि पाऊस! सह्याद्रीचा पाऊस शहरांतल्या खिडकींतून दिसतो तसा नसतो. आपल्या डोक्यावर ऊन असतें, आणि वर पठारावर कोसळलेल्या सरीचें पाणी थोड्याच वेळांत नाळेंतून गर्जत येतें. सांदणसारख्या चिंचोळ्या दरींत तर बाजूस सरकण्यास जागाच नाहीं. पावसाळ्यांत तेथें उतरणें म्हणजे मरणाला आमंत्रण. ओढा फुगला असेल, तर अलीकडेच बसावें. पाणी जसें चढतें तसें उतरतेंहि. तेवढा धीर नसलेला मनुष्य डोंगरांत जाण्यास लायक नाहीं.

येथें ‘माझा जीव, माझी इच्छा’ असें कोणी म्हणेल. पण घाटांत एकट्याचा असा जीव नसतो. एखादा मुलगा वाट चुकला किंवा कड्यावरून घसरला, तर पहिली बत्ती पेटते ती पायथ्याच्या गांवांत. दिवसभर शेतांत राबलेला माणूस रात्रीं पावसांत दोर आणि काठी घेऊन बाहेर पडतो. शहरांतील गिर्यारोहक मंडळांचे स्वयंसेवकहि धांवून येतात, आणि ते येईपर्यंत शोध चालविणारा तो गांवकरीच असतो. दुसऱ्या दिवसाची त्याची मजुरी बुडते. क्वचित् त्याचाहि जीव धोक्यांत येतो. म्हणून निघतांना घरीं आणि गांवांत आपली वाट व परतण्याची वेळ सांगून जावें. जमेल तर गांवांतलाच वाटाड्या बरोबर घ्यावा, आणि त्याचा मोबदला घासाघीस न करतां द्यावा. तो नुसती वाट दाखवीत नाहीं. कोठें थांबावें हें तो जाणतो. तें ज्ञान पिढ्यांचें आहे.

या वाटांना माणसांखेरीज इतरहि वाटेकरी आहेत. २००९ सालीं नगरकडील एका गांवांत विहिरींत पडलेला एक बिबळ्या वाचवून, त्याच्या गळ्यांत शोधयंत्राचा पट्टा बांधून, त्याला माळशेज घाटांत सोडण्यांत आलें. अभ्यासकांनीं त्याचें नांव ‘आजोबा’ असें ठेविलें. तो डोंगर, रानें, लोहमार्ग, हमरस्ते आणि खाडी ओलांडून सुमारें १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोंचला, आणि या प्रवासांत त्यानें कोणा माणसाला इजा केल्याचें ऐकिवांत नाहीं. आपल्याला त्याची चाहूलहि लागली नाहीं, इतक्या संभाळून तो आपल्यामधून गेला. वाटेवरचें सौजन्य जनावरालाहि कळतें, असें म्हणण्याचा मोह होतो. पुढें एका मोटाररस्त्यावर वाहनाच्या धडकेनें तो मेला. अरुंद वाटेनें त्याला जगविलें, आणि रुंद रस्त्यानें मारलें.

डोळखांबकडच्या त्या डोंगराचें नांवहि ‘आजोबा’च आहे. तेथें वाल्मीकींचा आश्रम होता, सीतामाईनें तेथेंच लवकुशांना वाढविलें, आणि त्या मुलांनीं ऋषींना आजोबा म्हटलें, अशी तिकडे श्रद्धा आहे. घरांतून बाहेर पडलेल्या एका मातेला ज्या डोंगरानें आसरा दिला, त्याचें नांव लोकांनीं घरच्या वडीलधाऱ्याचें ठेवावें, यांत मोठें औचित्य आहे. आजोबांच्या घरीं नातवंडांनीं यावें, हुंदडावें, पोटभर हंसावें. त्यासाठींच तें घर असतें. पण आजोबांच्या माठांत पाय घालूं नये, त्यांच्या अंगणांतलें रोप तुडवूं नये, आणि अंधार पडायच्या आंत परत यावें, एवढें प्रत्येक शहाण्या घरांत मुलांना शिकवितात.

पुढील रविवारीं आपला मुलगा किंवा मुलगी पहाटेच्या गाडीनें निघेल, तेव्हां डब्याबरोबर पाण्याच्या दोन बाटल्या अधिक द्या. एक त्याच्यासाठीं, आणि दुसरी, त्या झिऱ्यावर हंडा घेऊन उभ्या असलेल्या मुलीची दुपार वांचावी म्हणून.